हंगामाच्या उंबरठ्यावरील एक कोवळा संघ

ज्या संघाकडून कोणाचीच कांहीं अपेक्षा नसते त्याचें एका परीनें बरें असतें. तो हरला तर कोणाला वाईट वाटत नाहीं, आणि जिंकला तर तो सणच. ज्याच्याकडून सर्वच अपेक्षिलें जातें त्याचेंहि एक वेळ ठीक. तें ओझें त्याच्या अंगवळणीं पडलेलें असतें. खरी घालमेल येते ती या दोहोंच्या मधल्या संघाच्या वांट्यास. काल तो सर्वांच्या शेवटीं होता, उद्यां तो बराच पुढें जाईल अशीं चिन्हें दिसूं लागलेलीं असतात. परंतु तो उद्यांचा दिवस याच वर्षीं उजाडेल कीं नाहीं हें छातीवर हात ठेवून कोणी सांगूं शकत नाहीं. ऑक्टोबर 2009 मध्यें अमेरिकेंतील ओक्लाहोमा सिटी या शहरीं बास्केटबॉलचा असा एक संघ होता. नांव 'थंडर', म्हणजे मेघगर्जना. आदल्या हंगामांत त्यानें 82 सामन्यांपैकीं 23 जिंकले होते आणि 59 गमावले होते. गर्जना नांवापुरती, पावसाचा थेंब नाहीं, अशी ही अवस्था. तरीहि घरांत लग्न ठरावें तशा उल्हासानें, आणि तशाच धास्तीनें, तें शहर नव्या हंगामाची वाट पाहत होतें.

बास्केटबॉल हा खेळ आपल्याकडे शाळा-कॉलेजांच्या आवारांत पुष्कळांनीं पाहिलेला असतो, खेळलेलाहि असतो. डिसेंबर 1891 मध्यें मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या व्यायामशिक्षकानें, हिवाळ्यामुळें घरांत कोंडून पडलेल्या विद्यार्थ्यांसाठीं तो बेतला. सज्जाच्या कठड्यास पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले, आणि खेळ सुरू झाला. त्याचा इतिहास मोठा आहे. परंतु प्रस्तुत विषयापुरतें त्याचें एकच लक्षण ध्यानांत ठेवणें पुरे. मैदानावर एका बाजूचे पांचच गडी असतात. म्हणजे एक चांगला गडी आला कीं संघाचा पांचवा हिस्सा पालटला. आणि हा चांगला गडी 48 मिनिटांच्या सामन्यांत चाळीस मिनिटें मैदानावर राहूं शकतो. क्रिकेटमध्यें उत्तम फलंदाज पहिल्याच चेंडूवर बाद होऊन तंबूंत परततो आणि उरलेला दिवस टाळ्या वाजवितो. येथें तसें नाहीं. म्हणून या खेळांत वीस वर्षांचा एखादा मुलगा सबंध शहराचें दैव फिरवील ही आशा वेडगळ ठरत नाहीं. आणि म्हणूनच त्या मुलाचा पाय मुरगळला तर सारें शहर लंगडूं लागतें.

हें शहरहि थोडें जगावेगळेंच. तें जन्मलें एका दिवसांत. 22 एप्रिल 1889 रोजीं दुपारीं इशारा होतांच, सरकारनें वसाहतीस मोकळ्या केलेल्या जमिनीवर लोकांचे लोंढे धांवले आणि रात्र पडेपर्यंत हजारों माणसें तंबू ठोकून बसलीं. ज्या मूळच्या जमातींच्या मुलखांत हें घडलें त्यांना काय वाटलें असेल तें निराळें सांगावयास नको. पुढें तेलाच्या विहिरी निघाल्या, गुरांचा बाजार वाढला, शहर श्रीमंत झालें, पुन्हां खालावलें. 19 एप्रिल 1995 रोजीं सकाळीं तेथील मध्यवर्ती सरकारच्या कचेरीसमोर स्फोटकांनीं भरलेली मोटार उडविण्यांत आली आणि 168 माणसें मरण पावलीं. त्यांत 19 मुलें होतीं. ती इमारत जेथें होती तेथें आज 168 रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या आहेत. मुलांच्या खुर्च्या लहान आहेत. जगांत या शहराचें नांव ज्याला ठाऊक होतें त्याला तें बहुधा या एका दुःखामुळें ठाऊक होतें. थंडर संघाचे व्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांनीं, नवा खेळाडू शहरांत आला कीं त्याला प्रथम या स्मारकापाशीं न्यावयाचें, असा प्रघात पाडला. तालमीच्या आधीं हें दर्शन. वीस वर्षांच्या मुलांना आपण कोणाच्या गांवांत राहावयास आलों आहों हें कळावें, एवढाच त्यांतला हेतु.

या शहरीं मोठ्या दर्जाचा संघ आला तोहि दुसऱ्याच्या संकटामुळें. ऑगस्ट 2005 मधील कॅट्रिना वादळानें न्यू ऑर्लीन्स शहर बुडालें, तेव्हां तेथील संघ दोन हंगाम ओक्लाहोमा सिटींत बिऱ्हाडास आला. लोकांनीं त्याचे सामने पाहावयास अशी गर्दी केली कीं, या मध्यम आकाराच्या शहरासहि संघ पोसतां येईल, ही गोष्ट धनिकांच्या ध्यानीं आली. पाहुणे परत गेले. मग स्थानिक धनिकांनीं काय केलें? सिअ‍ॅटल शहराचा संघ त्यांनीं 2006 मध्येंच 35 कोटी डॉलरना विकत घेतलेला होता. नव्या क्रीडागृहाच्या खर्चावरून सिअ‍ॅटलशीं बेबनाव झाला, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि जुलै 2008 मध्यें तडजोड होऊन संघ उचलून ओक्लाहोमांत आणला गेला. जुनें नांव आणि हिरवे-सोनेरी रंग मात्र सिअ‍ॅटलपाशींच राहिले. 1967 पासून त्या शहरानें हा संघ सांभाळला होता. 1979 मध्यें त्यानें अजिंक्यपद मिळविलें होतें. तेथील आजोबा-नातवंडांच्या तोंडचा घांस काढून घेतल्यासारखें हें झालें. ओक्लाहोमाच्या आनंदांत हा सल होता, आणि तो कोणी बोलून दाखविला नाहीं म्हणून नाहींसा झाला नाहीं. दुसऱ्याच्या घरून आणलेला दिवा असला कीं तो विझूं नये याची काळजी दुप्पट लागते.

आणि पहिल्या हंगामांत तर तो विझल्यातच जमा होता. पहिल्या 13 सामन्यांत एक विजय. प्रशिक्षकास रजा मिळाली आणि दुय्यम प्रशिक्षक स्कॉट ब्रुक्स यांच्या गळ्यांत ती माळ पडली. ब्रुक्स हे स्वतः सहा फुटांहूनहि कमी उंचीचे. खेळाडूंची वार्षिक निवड होते तींत त्यांना तरुणपणीं कोणीच निवडलें नव्हतें. तरी ते नेटानें टिकून राहिले आणि 1994 मध्यें अजिंक्य ठरलेल्या ह्यूस्टन संघांत होते. त्यांच्या हातीं आल्यावरहि प्रारंभीं हाराकिरी चालूच राहिली. एका टप्प्यावर 3 विजय आणि 29 पराजय असा हिशेब होता. इतका वाईट हंगाम इतिहासांत कोणाचा झाला होता काय, याची चर्चा वर्तमानपत्रांतून होऊं लागली. परंतु त्यानंतरचे जे 50 सामने उरले त्यांत या संघानें 20 जिंकले. ही कांहीं दिग्विजयाची संख्या नव्हे. तरी बत्तिसांत तीन आणि पन्नासांत वीस या दोन अपूर्णांकांमध्यें जें अंतर आहे, त्यांतच 2009 च्या शरद्‌ऋतूंतील सारी आशा सांठवलेली होती. उन्हाळाभर ओक्लाहोमाच्या चहाकॉफीच्या दुकानांतून हा हिशेब मांडला गेला असल्यास नवल नाहीं.

आशेचें पहिलें नांव केव्हिन ड्यूरँट. सप्टेंबर 2009 अखेर त्याला एकविसावें वर्ष पुरें झालें. उंची पावणेसात फुटांच्या घरांत, हात त्याहूनहि लांब, आणि अंगावर मांस म्हणून नाहीं. 2007 मध्यें निवडीपूर्वीं सर्व उमेदवारांची शरीरपरीक्षा झाली. तींत 185 पौंडांची वजनदांडी त्याला छातीवरून एकदांहि उचलतां आली नाहीं, आणि त्याची पुष्कळ थट्टा झाली. परंतु चेंडू हातीं आला कीं तो मुलगा दुरून, जवळून, तोल जातांना, कसाहि नेम साधी. दुसऱ्याच हंगामांत त्याची सरासरी सामन्यास 25.3 गुण अशी पडली. त्याच्या पाठीवरील 35 हा आंकडा शोभेचा नव्हता. लहानपणीं ज्यानें त्याला खेळ शिकविला तो गुरु वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं गोळी लागून मारला गेला होता.

मग याच्याविषयीं चिंता कसली? चिंता अशी कीं, आंकडेशास्त्राचे कांहीं अभ्यासक त्याच सुमारास म्हणूं लागले होते, हा मुलगा मैदानावर असतांना संघाची गत तो नसतांनापेक्षां वाईट होते. गुण तो मिळवितो खरे, पण बचावांत गमावतोहि. हें ऐकून ओक्लाहोमाकर संतापले. परंतु तो आक्षेप निव्वळ खोडसाळ नव्हता. पहिल्या प्रशिक्षकानें ड्यूरँटला त्याच्या शरीराच्या मानानें चुकीच्या जागीं, चपळ आणि बुटक्या गड्यांसमोर, खेळविलें होतें. ब्रुक्स यांनीं ती जागा बदलली. बदलाचा उपयोग कितपत झाला हें कळावयास नवा हंगामच यावा लागणार होता. विद्यार्थी हुशार आहे, पण त्याचा हुशारपणा वर्गाच्या कामीं येतो काय, असा हा प्रश्न होता. आणि पुष्कळ घरांतून तो निराळ्या संदर्भांत विचारला जातो.

दुसरा रसेल वेस्टब्रुक. ड्यूरँटहून दीड महिन्यानें लहान. 2008 मध्यें चौथ्या क्रमांकावर त्याची निवड झाली तेव्हां अनेकांनीं भुवया उंचावल्या, कारण विद्यापीठांत तो मुख्यतः प्रतिपक्षाच्या चांगल्या गड्यास अडविण्याचें काम करी. संघाचा चेंडू पुढें नेणारा, कोणास केव्हां द्यावा हें ठरविणारा जो सूत्रधार, तें काम त्याच्यावर येथें नव्यानें सोंपविण्यांत आलें. अंगांत वीज, पण विजेला तारेची वाट अजून सांपडलेली नाहीं, असा त्याचा खेळ. पहिल्या हंगामांत त्याचे शंभरांतील चाळीस नेमहि पुरते लागले नाहींत, आणि प्रत्येक सामन्यांत सरासरी तीनाहून अधिक वेळां चेंडू त्याच्या हातून शत्रूकडे गेला. याला सूत्रधार म्हणावें कीं सूत्र तोडणारा, यावर घरोघर दोन पक्ष पडले होते. एक पक्ष म्हणे, याला बाजूस घ्या आणि कोणी समंजस माणूस आणा. दुसरा म्हणे, जो मुलगा पडण्याची भीति न बाळगतां धांवतो त्याला चालावयास शिकवूं नका. या वादांत दुसऱ्या पक्षाची सरशी झाली ती युक्तिवादानें नव्हे. प्रेस्टी आणि ब्रुक्स यांनीं त्याला पहिल्याच वर्षीं चुका करण्याची मोकळीक दिलेली होती आणि ती त्यांनीं काढून घेतली नाहीं, एवढेंच. चुका करूं देणें हें बाहेरून दिसतें तितकें स्वस्त नसतें. त्याची किंमत 59 पराजयांत मोजावी लागली होती.

या दोघांखेरीज जेफ ग्रीन हा तेवीस वर्षांचा शांत गडी होता; कोणत्याहि एका जागेला तो पुरता बसत नसे, पण सर्वच जागा थोड्या थोड्या भरून काढी. अशा माणसाचें महत्त्व तो गेल्यावर कळतें. स्वित्झर्लंडचा थाबो सेफोलोशा बचावाचा पक्का होता. नवे आले ते दोघे. जेम्स हार्डन हा त्या उन्हाळ्यांतील निवडींत तिसऱ्या क्रमांकावर घेतला गेला. तो ना फार उंच ना फार चपळ, तेव्हां तिसऱ्या क्रमांकाचें दान या सुस्तावलेल्या दिसणाऱ्या मुलावर कां घालविलें, असा प्रश्न होता. (त्याच निवडींत सातव्या क्रमांकावर गेलेल्या मुलाचें नांव स्टीफन करी होतें.) दुसरा सर्ज इबाका, आफ्रिकेंतील काँगोचा. आईबाप दोघेहि बास्केटबॉलपटू. देशांतील यादवींत घराची वाताहत झाली. तेथून फ्रान्स-स्पेनच्या वाटेनें तो वीस वर्षांचा होतां होतां अमेरिकेस पोंचला. त्याला इंग्रजी शिकावयाचें होतें आणि प्रतिपक्षाचे गडी ओळखावयाचे होते, दोन्ही एकाच वेळीं.

या पोरसवदा मेळ्यांत उन्हाळ्यांत एक छत्तिशीचा गृहस्थ आणून बसविला गेला, त्याचें नांव केव्हिन ऑली. दहाहून अधिक संघांचें पाणी प्यालेला, कधींहि तारा न झालेला, तालमीस सर्वांआधीं येणारा. त्याच्याकडून गुणांची अपेक्षा नव्हतीच. दररोजचें काम दररोज कसें करावें, प्रवासांत केव्हां झोपावें, हरलेल्या रात्रीच्या दुसऱ्या सकाळीं काय करावें, हें मुलांनीं त्याच्याकडे पाहून शिकावें अशी योजना होती. संघांत आलेल्या शिस्तीचें पुष्कळसें श्रेय ड्यूरँटनें पुढें या माणसास दिलें. एकत्र कुटुंबांत एखादे काका असे असतात. ते मिळवते नसतात, पण त्यांच्यामुळें घर वेळेवर जेवतें.

आतां धास्तीचा दुसरा भाग. या व्यवसायांत नवे खेळाडू वांटण्याची पद्धति विलक्षण आहे. जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याला उत्तम होतकरू मुलगा मिळण्याची संधि त्या काळीं सर्वांत अधिक असे; आणि नेमका क्रम यंत्रांतून उडणाऱ्या चेंडूंच्या सोडतीनें ठरतो. म्हणजे अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास शिष्यवृत्ति, तीहि चिठ्ठ्या टाकून! 2007 च्या सोडतींत पोर्टलंड संघास पहिला क्रमांक मिळाला आणि त्यांनीं ग्रेग ओडन या सात फुटी मुलास घेतलें. दुसरा क्रमांक मिळालेल्या सिअ‍ॅटलला ड्यूरँट उरला. त्या वेळीं बहुतेक जाणत्यांना पोर्टलंडचाच निर्णय बरोबर वाटत होता. ओडनच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा पहिला हंगाम सर्वस्वीं वायां गेला. एका गुडघ्याच्या वाटीवर कोट्यवधि डॉलर आणि एका शहराची दहा वर्षें टेकलेलीं असतात, हा धडा ओक्लाहोमाकरांनीं शेजाऱ्याच्या घरीं पाहिलेला होता. ड्यूरँट मैदानावर पडला कीं ते श्वास रोखून धरीत ते यामुळेंच.

तिसरी धास्ती पैशाची, आणि ती सर्वांत मंद पावलांनीं येणारी होती. निवडलेल्या नवख्या मुलास पहिलीं चार वर्षें ठरीव प्रमाणांत वेतन मिळतें. तो कितीहि चमकला तरी तें वाढत नाहीं. तीं संपलीं कीं बाजारभाव सुरू होतो. 2009-10 च्या हंगामासाठीं एका संघाच्या वेतनखर्चाची मर्यादा 5 कोटी 77 लक्ष डॉलर ठरली होती. ती कांहीं सवलतींनीं ओलांडतां येई, परंतु 7 कोटींच्या सुमारास एक दुसरी रेघ होती, आणि तिच्यापलीकडे खर्चिलेल्या प्रत्येक डॉलरमागें एक डॉलर दंड भरावा लागे. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसच्या संघांस दूरचित्रवाणीचें उत्पन्न अफाट असल्यानें हा दंड परवडतो. ओक्लाहोमाचें घर बेताचें. म्हणजे चार मुलें एकदम गुणी निघालीं तर आनंदीआनंद, पण तीं चारहि मुलें एकदमच कर्तीं होणार आणि आपापला वांटा मागणार. मुलें बिघडतील ही चिंता सर्वच पालकांस असते. सगळींच चांगलीं निघालीं तर काय करावें, ही चिंता याच व्यवसायांत पाहावयास मिळते.

हंगाम सुरू झाला. त्याचा तपशील थोडक्यांत सांगितला तरी चालेल, कारण सुखाचे दिवस सांगावयास फारसे शब्द लागत नाहींत. पहिल्या पांचांतील चौघे सर्वच्या सर्व 82 सामने खेळले. दुखापतीची दृष्ट त्यांना लागली नाहीं. (पोर्टलंडच्या ओडनची गुडघ्याची वाटी त्याच वर्षीं डिसेंबरांत मोडली. त्या संघाकडून तो आयुष्यांत एकूण 82 सामने खेळला.) ड्यूरँटनें सामन्यास 30.1 गुणांची सरासरी गांठली आणि सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यांत तो इतिहासांतील सर्वांत लहान वयाचा मानकरी ठरला. संघानें 50 सामने जिंकले, म्हणजे आदल्या वर्षाहून 27 अधिक. ब्रुक्स यांस त्या वर्षींचे सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरविण्यांत आलें. पश्चिम विभागांतील आठ संघ बाद फेरीस जातात. त्यांत आठवें स्थान थंडरला लाभलें आणि गांठ पडली ती विद्यमान विजेत्या लॉस एंजेलिस लेकर्सशीं.

त्या मालिकेंतील सहावा सामना 30 एप्रिल 2010 रोजीं ओक्लाहोमा सिटींत झाला. लेकर्स तीन-दोन असे पुढें होते. ड्यूरँटचा हात त्या रात्रीं चालला नाहीं. तेवीस वेळां नेम धरून पांचच वेळां चेंडू कड्यांत पडला. तरीहि शेवटच्या क्षणापर्यंत थंडर एका गुणानें आघाडीवर होता. कोबी ब्रायंटचा नेम चुकला. लोकांनीं हात वर केले. आणि तेवढ्यांत पाऊ गॅसोलनें परत आलेला चेंडू हातोहात कड्यांत ढकलला. घड्याळांत अर्धा सेकंद उरला होता. 95 विरुद्ध 94. हंगाम संपला. त्यानंतर जें घडलें तें पाहणाऱ्यांच्या आठवणींत राहिलें: अठरा हजारांवर माणसें आपल्या जागेवरून उठली नाहींत, किंबहुना उठलीं तीं टाळ्या वाजविण्यासाठीं, आणि हरलेले खेळाडू आंत जाईपर्यंत तीं तशींच उभीं होतीं. लेकर्सचे खेळाडूहि त्या गजराकडे वळून पाहत राहिले असतील तर त्यांत आश्चर्य नव्हतें. तेच त्या वर्षीं पुढें अजिंक्य झाले.

येथें ही कथा थांबविली असती तर ती फार गोड झाली असती. परंतु जी तिसरी धास्ती सांगितली ती थांबलेली नव्हती. ग्रीन फेब्रुवारी 2011 मध्यें बॉस्टनला दिला गेला. 2011 मध्यें संघ उपांत्य फेरीस पोंचला. 2012 मध्यें अंतिम फेरीस, आणि तेथें मायामीकडून चार-एक असा हरला. त्या वेळीं ड्यूरँट, वेस्टब्रुक आणि हार्डन यांतील एकहि चोवीस वर्षांचा झालेला नव्हता. या मुलांना अजून दहा वेळां येथें यावयाचें आहे, असें जो तो म्हणाला. चार महिन्यांनीं, 27 ऑक्टोबर 2012 रोजीं, नवा हंगाम सुरू होण्यास आठवडाहि उरला नसतांना, हार्डनला ह्यूस्टन संघास देऊन टाकण्यांत आलें. ड्यूरँट, वेस्टब्रुक आणि इबाका यांचे मोठे करार होऊन चुकले होते. हार्डनच्या मागण्यांत आणि संघाच्या देकारांत जें अंतर राहिलें तें एकूण रकमेच्या मानानें मोठें नव्हतें. पण ती दंडाची रेघ आड आली. पुढें दुखापतींनींहि गांठलें: 2013 मध्यें वेस्टब्रुकचा गुडघा, 2014-15 मध्यें ड्यूरँटचें पाऊल. 2016 मध्यें गोल्डन स्टेट संघावर तीन-एक आघाडी मिळवूनहि मालिका हातची गेली, आणि 4 जुलै रोजीं ड्यूरँटनें त्याच गोल्डन स्टेटकडे जाण्याचें जाहीर केलें. 2019 मध्यें वेस्टब्रुकहि गेला. ड्यूरँट 2014 मध्यें, वेस्टब्रुक 2017 मध्यें आणि हार्डन 2018 मध्यें वर्षांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. तिघेहि एका छताखालीं वाढले. एकत्र मिळून त्यांनीं ओक्लाहोमास एकहि अजिंक्यपद दिलें नाहीं. सिअ‍ॅटलमध्यें कांहीं जणांना यांत न्याय दिसला असेल.

प्रेस्टी मात्र तेथेंच होते, आणि त्यांनीं शेत पुन्हां नांगरावयास घेतलें. 2019 मध्यें पॉल जॉर्ज या नामांकित खेळाडूच्या बदल्यांत त्यांनीं लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स संघाकडून भावी निवडींचे हक्क मागून घेतले आणि त्यांबरोबर शे गिल्जस-अलेक्झांडर नांवाचा, एकविशी गांठूं पाहणारा कॅनडाचा मुलगा. पुन्हां पोरवयाचा संघ, पुन्हां पराजयांची रास: 2020-21 मध्यें 72 सामन्यांत 22 विजय, पुढच्या वर्षीं 82 त 24. 2 डिसेंबर 2021 रोजीं मेम्फिस येथें हा संघ 73 गुणांनीं हरला. इतक्या अंतराचा पराजय त्या व्यवसायाच्या इतिहासांत कोणाच्याच नांवावर नाहीं. 2022 च्या निवडींत दुसऱ्या क्रमांकानें चेट होमग्रेन आला. उंची सात फूट, अंगकाठी ड्यूरँटची आठवण करून देणारी. हंगामापूर्वींच्या एका खाजगी सामन्यांत त्याचें पाऊल जायबंदी झालें आणि तें सबंध वर्ष तो बाहेर बसला. ओडनची आठवण कोणाला झाली नसेल? त्याच वर्षीं बाराव्या क्रमांकानें, क्लिपर्सकडून मिळालेल्या एका हक्कावर, जेलन विल्यम्स आला. त्याच्याविषयीं त्या दिवशीं फारसें कोणी बोललें नाहीं.

होमग्रेन बरा झाला. संघानें 2023-24 मध्यें 57 आणि 2024-25 मध्यें 68 सामने जिंकले. अंतिम फेरींत समोर इंडियाना आला. मुंबईकरांना हा संघ ठाऊक आहे, कारण ऑक्टोबर 2019 मध्यें वरळी येथें सॅक्रॅमेंटोविरुद्ध त्यानें दोन प्रदर्शनीय सामने खेळले होते. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. 22 जून 2025 रोजीं त्या सामन्याच्या पहिल्याच भागांत इंडियानाचा आधारस्तंभ टायरीस हॅलिबर्टन टांचेमागील शीर तुटून खालीं कोसळला. दुखापतीची दृष्ट या वेळीं दुसऱ्याच्या अंगणांत पडली. ओक्लाहोमानें 103 विरुद्ध 91 असा विजय मिळविला. 1977 च्या पोर्टलंडनंतर इतक्या कमी सरासरी वयाचा संघ अजिंक्य झाला नव्हता.

शहरांत मिरवणूक निघाली, रस्ते माणसांनीं फुलले. आणि पुढच्याच महिन्यांत, जुलै 2025 मध्यें, प्रेस्टींनीं तिघांशींहि लांब मुदतीचे करार केले: गिल्जस-अलेक्झांडरशीं, होमग्रेनशीं आणि विल्यम्सशीं. तेरा वर्षांपूर्वीं जें जमलें नव्हतें तें या वेळीं जमविलें. तिघांच्या करारांची एकूण रक्कम 80 कोटी डॉलरच्या वर जाण्याची शक्यता तेव्हां होती. दरम्यान 2023 मध्यें नियमहि अधिक कडक झाले होते. रेघ फार ओलांडणाऱ्या संघास आतां नुसता दंड भरून सुटतां येत नाहीं, खेळाडूंची अदलाबदल करण्याचे त्याचे हक्कहि आंखडले जातात. होमग्रेन आणि विल्यम्स यांच्या करारांचें ओझें सुरू व्हावयाचें ठरलें तें 2026-27 च्या हंगामापासून.